आमच्या हायस्कूलचं हवामान खातं

चार शिक्षक, एक वातीचा स्टोव्ह आणि ऑफ तास, एवढं सामान असलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साठतात. आमच्या शाळेला तर वरून एक हवामान केंद्रही मिळालं होतं! मग काय विचारता. गेल्या महिन्यात आम्ही जुने सहकारी महाडला बिर्याणीला जमलो होतो, तेव्हा हात वाळले तरी कुणी पानावरून उठेना.

मी मूळची घाटावरची, साताऱ्याकडची. नव्वदच्या दशकात महाडजवळच्या नाते गावाच्या पुढे एका खेड्यात, हायस्कूलला भूगोल शिकवायला आले. मुकादम सर विज्ञान शिकवायचे, महाडहून स्कूटरने यायचे. जोगळेकर सर हेडमास्तर. त्यांचा सगळा जीव नियमांत. आणि शंकरमामा आमचे शिपाई, वरच्या वाडीतून रोज डोंगर उतरून येणारे. हवामान केंद्र माझ्याकडे आलं, कारण माझा विषय भूगोल. त्याचं खरं काम शंकरमामांकडे गेलं, कारण शाळेतलं सगळंच काम शेवटी त्यांच्याकडे जायचं.

*

केंद्र म्हणजे काय, तर पाऊस मोजायचं एक भांडं आणि चार पायांवर उभी असलेली लाकडी पांढरी पेटी. पेटीला झडपा, आत तापमापक. सावलीतल्या हवेचं तापमान त्यात कळतं. रोज सकाळी नोंद करायची आणि महिन्याचा तक्ता जिल्ह्याला पाठवायचा.

पहिला तक्ता मी जानेवारीचा पाठवला. आठ दिवसांत जिल्ह्याहून फोन!

"बाई, भर थंडीत तुमचं गाव तापण्यात चंद्रपूरला मागे टाकतंय. काय भानगड आहे?"

मी धावत मैदानात गेले. पेटी उघडली. आत तापमापकाच्या शेजारी निरंजन तेवत होतं. हळदकुंकू, दोन जास्वंदी, अर्धी नारळाची वाटी.

"मामा, हे काय?"

"बाई, गावातल्या बायका लावतात. पांढरं देऊळ, चार खांब, आत काचंचा देव. मी म्हटलं, लावू दे."

"अहो, पण मला सांगायचं ना!"

"मला वाटलं, तुमीच पुजारी हाव."

*

त्यानंतर आम्ही शहाणे झालो. निदान मला तसं वाटलं. जुलै आला. चार दिवस असा कोसळत होता की फळ्यावरचा खडू ओला व्हायचा. मला ताप भरला होता, म्हणून नोंदी मामांनी घेतल्या आणि पावसाळ्यातल्या रिवाजाप्रमाणे रोज फोनवरून थेट जिल्ह्याला कळवल्या.

पाचव्या दिवशी जिल्ह्याचे तेच साहेब पुन्हा फोनवर.

"बाई, महाडच्या बाजारपेठेत होड्या चालल्यात. आणि तुमच्याकडून चार दिवस पाऊस निरंक?"

मी ताप अंगात घेऊन मैदानात गेले. पर्जन्यमापकावर जाड प्लास्टिक, त्यावर इरलं आणि इरल्यावर दगड.

"मामा!"

"सरकारी वस्तू हाय बाई," मामा कळवळून म्हणाले. "भिजून सडली तर हेडमास्तर माझ्यावर रिपोट करतील!"

*

मुकादम सर हे वेगळंच प्रकरण. पुस्तकातला प्रयोग करून दाखवल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. हरितगृह परिणाम शिकवायचा होता. त्यांचा भाऊ कुवेतहून सुट्टीवर आला होता आणि त्याने एक जुनी मोटार घेतली होती. सरांनी ती मार्चच्या उन्हात मैदानात आणून लावली.

"काचा बंद. ऊन आत जातं, पण उष्णता बाहेर येत नाही. आता आत कुणीतरी बसून दाखवायला पाहिजे."

नेमकं त्या दिवशी तपासणी होती. तालुक्याचे विस्तार अधिकारी आले होते. सफारी सूट, हातात फाइल. त्यांना विज्ञानाची हौस. "मीच बसतो!" म्हणाले आणि बसलेही.

दार लागलं ते लागलंच. हँडल अडकलं. काच खाली करायची मूठ त्यांच्या हातात आली. सर एकीकडून ओढतायत, मामा दुसरीकडून. शेवटी सरांचा भाऊ चहा टाकून धावत आला आणि त्याने डिकीतून वाट काढून साहेबांना बाहेर घेतलं.

तोवर नववी ब कडेने शांतपणे बसून वह्यांत लिहीत होती. सरांनीच शिकवलेलं, निरीक्षण थांबवायचं नाही. मी एकीची वही पाहिली. 'दोन मिनिटे : साहेब हसत आहेत. चार मिनिटे : साहेबांनी वरचे बटण काढले. सहा मिनिटे : साहेब लाल. सात मिनिटे : साहेब काहीतरी बोलत आहेत, ऐकू येत नाही.'

साहेब ओट्यावर बसून तांब्याभर पाणी प्यायले. आम्हाला वाटलं, आता मुकादम सरांची नोकरी गेली. साहेबांनी शेरेबुक मागवलं आणि ओल्या हाताने लिहिलं, "प्रयोग परिणामकारक."

सरांच्या मनाला मात्र प्रयोगातली उणीव लागून राहिली. दुसऱ्या दिवशी वर्गात म्हणाले, "मोटारीचं उदाहरण तसं अर्धवट आहे बरं का. पृथ्वीवर काच नाही. हवेतले काही वायू जमिनीची उष्णता धरून ठेवतात आणि थोडी परत आपल्याकडे पाठवतात. गोधडीसारखं समजा. ही गोधडी नसती, तर आपण गारठून मेलो असतो. पण आपण कोळसा, डिझेल जाळतो आणि तिच्यावर आणखी गोधड्या टाकतो."

मागून एक पोरगी म्हणाली, "सर, मग काल साहेबांना गोधडीतच घालायचं ना!"

*

हवा आणि हवामान यातला फरक समजावणं हे भूगोलवाल्याचं जन्माचं दुखणं. पाचाडच्या खानावळवाल्यापासून सगळे मला विचारायचे, "बाई, बुधवारी लग्न हाय, पाऊस पडंल का?" मी सांगायची, अहो, मी मोजते, भविष्य सांगत नाही. आज पडला ती हवा. तीसेक वर्षांची सरासरी काढली, की ते हवामान.

एकदा जोगळेकर सरांच्या घरी चहाला गेलो होतो, तिथे हाच विषय निघाला. सर त्या दिवशी कधी नव्हे ते खुशीत होते, विनोद सांगत होते. त्यांच्या सौभाग्यवती बशीत चिवडा वाढता वाढता मला म्हणाल्या, "हे आज दिसतंय ना, ती हवा. हवामान मला विचारा!"

*

पुढे एका उन्हाळ्यात पेपरांत रोज 'एल निनो' यायला लागलं. प्रशांत महासागरातलं पाणी तिकडे पेरूच्या बाजूला तापतं, वाऱ्यांची घडी बिघडते आणि आपला मान्सून अडखळू शकतो. मी हे ग्रामसभेत समजावून सांगितलं. नकाशा नेला होता, वारे हाताने दाखवले. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी खूश होऊन घरी आले.

दोन दिवसांनी ग्रामसेवकाने ठरावाची प्रत आणून दिली. 'आपल्या भागातील पाऊस बंद पाडण्याच्या हेतूने येत असलेल्या श्री. एल. निनो या इसमास गावच्या हद्दीत प्रवेश देऊ नये, असे सर्वानुमते ठरले.'

मी सरपंचांकडे गेले. "अहो, एल निनो म्हणजे माणूस नाही!"

"म्हंजे? कंपनी हाय?"

"समुद्रातलं गरम पाणी आहे ते!"

सरपंचांनी टोपी सारखी केली. मग म्हणाले, "ठराव झालाय बाई. आता माघार घेतली तर विरोधक बोंब मारतील."

त्या वर्षी पाऊस चोख पडला. भात असं आलं की मळणीला माणसं पुरेनात. एल निनो असला तरी पाऊस हटकून बुडतोच असं नसतं, हे मी गावभर सांगत फिरले. कोण ऐकतंय! पुढच्या निवडणुकीत सरपंचांच्या पत्रकावर पहिलं वाक्य छापलं होतं, "एल निनोला वेशीवर रोखणारे खंबीर नेतृत्व!"

आले की निवडून.

*

गुरं रवंथ करताना मिथेन बाहेर टाकतात आणि तोही वायू पृथ्वी तापवतो, हे मी आठवीला सांगितलं, ते माझं चुकलंच. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत गंगूआजी फाटकातून आत. हातात दावं, दाव्याला म्हैस.

"कोण गो ती भूगोलाची बाई?"

"मी, आजी."

"माझी नात म्हशीला पेंढा घालीत नाय. म्हणते, हिच्या ढेकरानं दुनिया जळते. बघ हिच्याकडं! ही जाळणारी दिसते?"

म्हैस खरंच तशी दिसत नव्हती. मी समजावायला गेले, की आजी, एका म्हशीचं काही नाही, जगभरातली सगळी मिळून...

"माझा पोर मुंबईला हाय. त्याच्या दारात दिवसभर ट्रक धूर सोडतात. त्यांना कोण शाळेत बोलावीत नाय. आणि माझी म्हैस दोन टायमाला एक ढेकर देते, तर ती गुन्हेगार? मला लिहून द्या. त्याबिगर मी हलायची नाय!"

म्हशीने तेवढ्यात ध्वजाच्या ओट्याजवळ शेण टाकलं. जोगळेकर सर बाहेर आले, त्यांनी प्रकरण ऐकून घेतलं, आत गेले आणि शाळेच्या लेटरहेडवर स्वतः लिहून आणलं. 'दाखला देण्यात येतो की, सदर म्हैस गरीब स्वभावाची असून पृथ्वीच्या तापमानवाढीस व्यक्तिशः जबाबदार नाही.' खाली सही, शिक्का, जावक क्रमांक.

आजीने तो फ्रेम करून गोठ्यात लावला. लोक दूध घ्यायला गेले की आधी वाचायचे!

*

आता शेवटचा. हा बिर्याणीच्या दिवशी कुणी सांगत नव्हतं. मग जोगळेकर सरच म्हणाले, "बाई, तुम्ही सांगा."

मामांना एव्हाना पर्जन्यमापकाचं वेड लागलं होतं. वही जिवापलीकडे जपायचे. एकदा मला म्हणाले, "बाई, पावसाचे दिवस कमी झाल्यासारं वाटतात, पन पडतो तेव्हा एकदम ओततो." मी म्हटलं, तापलेली हवा जास्त वाफ धरते, म्हणून असं होऊ शकतं, पण एवढ्याशा वहीवरून आपल्या गावाचं काही सिद्ध होत नाही. "सिद्ध नको," मामा म्हणाले, "मी आपलं सांगतो."

अशाच एका जुलैत सकाळपासून ओतत होता. मुलांना घरी सोडलं. वाहतूक बंद, फोन बंद, आम्ही तिघं शिक्षक शाळेतच अडकलो. दुपारी मामा वाडीवर जेवायला गेले आणि न जेवता परत आले. पर्जन्यमापकाची भरलेली बाटली ओतली. सकाळपासूनची ती सातवी. मग त्यांनी वही काढली आणि पहिल्या पानापासून चाळत गेले.

"एका दिवसाला एवढा कधीच नाय," ते म्हणाले. "वाडीमागचा झरा लाल झालाय. माझ्या अंगणात चीर पडलीय, पाऊल मावंल एवढी. सांगितलं सगळ्यांना. कोण हलत नाय. म्हणतात, दर पावसात असतंच."

मी काही बोलायच्या आत त्यांनी शाळेची घंटा उचलली आणि भर पावसात डोंगर चढायला लागले.

तासाभराने अख्खी वाडी खाली आली. म्हातारे पाठीवर, तान्ही पोरं टोपलीत, गुरंसुद्धा! मामांनी वाडीत दवंडी दिली होती, "नवीन रेशनकार्डं! साहेब शाळेत आलेत, आज शेवटचा दिवस. ज्याचा ठसा नाय त्याचं नाव कटणार. गुरांचीही नोंद हाय!"

साहेब कुठेच नव्हते. "चहाला गेलेत," मामा म्हणाले आणि त्यांनी ऑफिसातलं स्टॅम्प पॅड काढलं. एकेकाचा ठसा घ्यायला लागले. सावकाश. आधी एक अंगठा, मग दुसरा, मग दहाही बोटं. ठसा पुसट आला म्हणून पुन्हा.

जोगळेकर सर तणतणत आले. "शंकर! शाळेचा शिक्का, शाळेचं पॅड! हा काय प्रकार आहे?"

मामांनी वही त्यांच्यापुढे उघडी केली. सरांनी पान पाहिलं. खिडकीतून डोंगराकडे पाहिलं. मग खुर्ची ओढून बसले, खणातून दुसरं पॅड काढलं आणि मोठ्याने म्हणाले, "दुसरी रांग इकडे! नवीन नियमाप्रमाणे पायाचे अंगठेसुद्धा लागतील."

मुकादम सरांनी गुरं व्हरांड्यात बांधली आणि प्रत्येक गायीचं नाव विचारून लिहायला घेतलं. मामांच्या बायकोचा नंबर आला. ती हळूच म्हणाली, "खोटं बोलताव ना?" मामा म्हणाले, "व्हय." ती दहाही बोटं काळी करून घेऊन गपचूप रांगेच्या शेवटी जाऊन परत उभी राहिली.

पाच वाजायच्या सुमाराला लोक चिडले. "साहेब कुठं हाय?" "चुली विझल्या असतील!" दोघं तिघं निघालेच. मामा दारात आडवे उभे राहिले. त्यांची गचांडी धरली गेली. तेवढ्यात तो आवाज आला.

मी तो आवाज सांगू शकत नाही. व्हरांड्यातली गुरं एकदम उभी राहिली. आम्ही सगळे खिडक्यांकडे धावलो. जिथे वाडी होती, तिथे डोंगराची लाल बाजू होती आणि तिच्यातून पाणी वाहत होतं. मामांचा शर्ट धरलेला हात तसाच राहिला होता.

नुसता पाऊस वाजत होता.

मग रांगेत पुढचा नंबर ठकूबाईचा होता. ती म्हातारी पुढे आली, तिने पदराने हात कोरडा केला आणि मामांच्या पुढे टेबलावर ठेवला.

"शंकर," ती म्हणाली, "माझा डावा ऱ्हायलाय."

मामांनी पॅड उघडलं.