मधला भाग

नौपाड्यातल्या आमच्या मजल्यावर रंगीत टीव्ही पहिल्यांदा आमच्याकडे आला, मागोमाग केबलही. नवा पिक्चर थिएटरला लागला की दोन-चार दिवसांत केबलवाला तो लावायचा. प्रिंट इतकी भिकार, की मधेच कुणाचं तरी डोकं पडद्यावरून चालत जायचं. तरी मजलाभर माणसं आमच्याकडे जमायची आणि आई सगळ्यांना चहा करायची. कप धुऊन ती बाहेर येईपर्यंत छोटा हिरो मोठा झालेला असायचा.

मग संध्याकाळी तांदूळ निवडताना ती मला मधला भाग विचारायची. मी तेव्हा कॉलेजात, शहाणपणा नुसता उतू चाललेला. सांगायचा कंटाळा, म्हणून मी मनाला येईल ते ठोकून द्यायचे. एकदा हिरोच्या बहिणीला मी परस्पर मारून टाकलं. खरं तर ती लग्न होऊन सासरी गेली होती. दुसऱ्या दिवशी आई शेजारणींपुढे त्या बहिणीसाठी हळहळली आणि त्या हसून हसून बेजार झाल्या. काकू, स्वयंपाकघरात वेगळा पिक्चर लागला होता का, असंही एकीने विचारलं. आईने माझ्याकडे एकदाच पाहिलं. माझं नाव तिने घेतलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण कबूल करायची हिंमत झाली नाही.

पुढचा पिक्चर लागला तेव्हा आईने जाहीर केलं, की हा ती थिएटरला बघणार, पहिल्यापासून शेवटपर्यंत. बाबांना पटेना. चार दिवसांनी घरबसल्या दिसेल, हे त्यांनी तीनदा सांगितलं.

"घरी तुम्ही बघता," आई म्हणाली. "मी चहा करते."

शनिवारी दुपारी आम्ही निघणार तोच पाहुणे आले. आईने त्यांना पाणी दिलं, बाबांना चहासाखरेचे डबे दाखवले आणि चपला घातल्या.

थिएटरात ती मांडीवर पर्स घेऊन ताठ बसली होती. इंटरव्हलला मी वडे आणायला गेले. रांग सरकता सरकेना. परत आले तर हिरो तुरुंगात. नकळत विचारलं, मधे काय झालं गं?

ती माझ्या कानाशी वाकली. कोण आलं, कोण काय बोललं, हिरोला कशासाठी पकडलं, सगळं क्रमाने सांगितलं. पदरचा एक शब्दही घातला नाही. मला रडूच आलं.

"आई, त्या बहिणीचं मी..."

"माहीत आहे," ती म्हणाली. "गप्प बस आता, मला बघू दे."