मी नाटक सोडलं नव्हतं

आज रविवार, १४ डिसेंबर, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. आपल्या नाट्यमंडळाच्या सुवर्णमहोत्सवात माजी सेक्रेटरींनी माझ्याकडे बोट दाखवून माइकवर सांगितलं, "हिला कॉलेजचा अभ्यास झेपेना, म्हणून हिने नाटक सोडलं." लोक हसले.

मंडळी, हे खोटं आहे.

१९८१ साली मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल पाचला संपायचं, म्हणून माणिकपूरच्या तालमीला वीस मिनिटं उशीर व्हायचा. पाठांतर मात्र चोख होतं. तरी याच गृहस्थांनी सगळ्यांसमोर सुनावलं, "बाय, परीक्षानळी तरी धर, नायतर नाटक तरी." माझी नायिकेची भूमिका त्यांनी स्वतःच्या धाकट्या भावाला दिली, लुगडं नेसवून.

गावच्या सणाला प्रयोग झाला. भावाला एक वाक्य धड आठवेना. विंगेत उभी राहून तिन्ही अंकांतली वाक्यं मीच त्याला पुरवली. पुढच्या आठवड्यात परीक्षा दिली आणि पहिल्या वर्गात पास झाले.

त्या तालमींना जे हजर होते, त्यांनी इथे या पोस्टखाली लिहावं.

सेक्रेटरींचं वाक्य आता स्मरणिकेतही छापलं जाणार आहे. ते काढून खरं कारण छापणार का, याचं लेखी उत्तर मंडळाने शनिवारी, २० डिसेंबरला, संध्याकाळी सहाच्या आत द्यावं. फोन करू नये.