मनालीच्या गळ्यातली काविळीची माळ

"अॅक्युट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया," डॉक्टर म्हणाले आणि लगेच मराठीत सांगितलं, "रक्ताचा कर्करोग." माझी मनाली पंधरा वर्षांची, दहावीत. मी पर्समधून वही काढली आणि विचारलं, "आधी कोणत्या तपासण्या?"

वहीत सगळं लिहीत गेले. ताप, औषधांच्या वेळा, किमोथेरपीच्या, म्हणजे कर्कपेशी मारणाऱ्या औषधांच्या, तारखा. आमच्या गिरीज गावात मात्र कावीळ झाली म्हणून सांगितलं. पुढे लग्नात अडचण नको. मनालीला विचारलंसुद्धा नाही.

दुसऱ्या किमोनंतर तिचे केस गेले, ती डोक्याला रुमाल बांधू लागली. त्याच आठवड्यात शेजारच्या सुलूकाकी वटार गावाहून काविळीची माळ घेऊन आल्या. औषधी काड्यांची ही माळ डोक्यावर ठेवतात. ती लांबत गळ्यात उतरली की कावीळ उतरली म्हणायचं.

"रुमाल काढ गं बाय. माझ्यासमोर कसली लाज?"

"सर्दी आहे तिला," मी घाईने म्हणाले. काकींनी माळ रुमालावरच ठेवली. दोन दिवसांत ती गळ्यात आली. काकी खूश.

मनालीने माळ काढून माझ्या हातात दिली. "आजारी मी आणि नाटकही मीच करायचं? मंगळवारी किमोला येणार नाही."

ती जेवेना, बोलेना. सोमवारी माणिकपूरच्या लॅबचा रिपोर्ट मी डॉक्टरांना फोनवर वाचून दाखवला. न्यूट्रोफिल्स, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, पुरेशा होत्या. पण मुलगीच तयार नव्हती.

"मैत्रिणी भेटतात?" डॉक्टरांनी विचारलं.

"संसर्ग होईल म्हणून मी मैत्रिणींना येऊ देत नाही. आणि गावात कावीळच सांगितलीय."

"सर्दी-ताप नसलेली एखादी बोलवा. मास्क लावून, लांब बसू दे. आणि बाई, खोटं सांभाळायचं काम तिला देऊ नका."

मी आत जाऊन मनालीला विचारलं, "खरं कोणाला सांगू?"

"ज्युलीला. पण मी सांगणार. तू मध्ये बोलायचं नाहीस."

तुमच्या घरी असं मूल असेल, तर हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारा. मला दोन महिने लागले.

वर्गातली ज्युली त्याच संध्याकाळी ओटीच्या दुसऱ्या टोकाला बसली. मनालीने आजाराचं नाव सांगितलं, रुमाल काढला. ज्युलीचे डोळे भरले. मग मास्कमधून आवाज आला, "अगं, हे तर सोललेलं शहाळं!"

मी ओरडणार होते, पण मनाली हसत होती. कितीतरी दिवसांनी.

"उद्या किती वाजता जायचंय?" ज्युलीने विचारलं.

मी दाराआडून ऐकत होते.

"आई पहाटे सव्वापाच म्हणेल. पण मी साडेपाचला निघणार."

दुसऱ्या दिवशी आम्ही साडेपाचला निघालो.