घराला महिन्याला खरंच किती लागतात?

आमच्या कंपनीच्या बसमध्ये किस्से कुणी सांगायला बसत नाही, ते आपोआप साचतात. सिडको ते वाळूज पाऊण तास, मागची तीच सीटं आणि तीच चार माणसं. मी स्टोअरमध्ये, शकीलभाई प्रेस मशीनवर, जाधवकाका गेटवर आणि मेंटेनन्सचा गौतम. एकोणतीस वर्षांचा, आमच्यात तोच एक बिनलग्नाचा.

एका सोमवारी गौतमनं विचारलं, "एका घराला महिन्याला खरंच किती लागतात ओ?"

त्याला पैठणचं स्थळ आलं होतं. मुलगी आवडली होती. महिन्याभरानं दोघांनी भेटून नीट बोलायचं ठरलं होतं. पण याचा पगार बावीस हजार, घरात आई आणि शिकणारी बहीण, खोली भाड्याची.

"भागणार नसंल तर आधीच सांगतो. तिला फसवायचं नाय."

प्रश्न साधा होता. बसमध्ये तीन संसारी माणसं, पण खरं उत्तर एकालाही ठाऊक नव्हतं!

*

शकीलभाईंनी मात्र ताबडतोब सांगून टाकलं. "अठरा हजार. एक रुपया जास्त नाही. बीस साल से घर चला रहा हूँ."

दुसऱ्या दिवशी बस नगर नाक्याला आली. भाई हळूच म्हणाले, "घरी विचारलं मी."

नसरीनभाभी घरी ब्लाउज शिवतात, पिकोफॉल करतात. ते पैसे भाभींच्या हौसेचे, असा भाईंचा वीस वर्षांचा समज. भाभींनी पायडल न थांबवता सांगितलं, "अठरा में पंधरा दिन चलते जी. आगे के पंधरा दिन मैं चलाती."

"शरम वाटली यार," भाई म्हणाले.

रविवारी त्यांनी भाभींच्या मशीनला मोटर आणून स्वतः बसवली. आम्ही विचारलं, भाभी खूश झाल्या असतील?

"बोली, बैठे हो तो तेल भी डाल दो."

*

जाधवकाकांचं म्हणणं, त्यांना खर्चच नाही. "गहू, ज्वारी, तूरडाळ, समदं देवगाव रंगारीहून. भावाची शेती हाय. फुकट."

गौतम वही काढून बसला. "काका, आणता कसं?"

"गाडीवर जातो."

"पेट्रोल किती?" ते लिहिलं. "रिकाम्या हातानं जाता का?"

"तसं कसं? पोरांना खाऊ, मिठाईचा पुडा. दिवाळीला भावजयीला साडी. मागं भावाच्या विहिरीवरच्या मोटारीचं वायंडिंग जळलं, ते करून दिलं."

गौतमनं भागाकार केला आणि वही पुढं धरली. काकांची फुकटची ज्वारी धान्याच्या मोंढ्यातल्या दराच्या दुप्पट पडत होती. आम्ही सगळे हसलो. काकांनी वही परत गौतमकडं सरकवली.

"पडंना का. मोंढ्यातला दुकानदार 'आता जेवूनच जा' म्हणतो का?"

गौतमनं तो आकडा खोडला नाही. पुढं कंसात 'जेवण' असं लिहिलं.

*

माझं ऐका. मी घरात जाहीर केलं की महिनाभर प्रत्येक खर्च लिहायचा. नववीतली सई हिशेबनीस. भाजी, गॅस, क्लासची फी, आईच्या गोळ्या, टँकरमधला वाटा, पिण्याचे जार. आमच्याकडं नळाला पाणी आलं की सण असतो, त्यामुळं पाण्याला वेगळं पान लागलं.

"माझं पान ठेवू नको. मी काहीच खर्च करत नाही," मी म्हणालो.

तरी सई रोज संध्याकाळी दारातच विचारायची, "बाबा, आज?"

"काहीच नाही. दोन चहा. हां, एक कचोरी. आणि गेटवर ते मोबाइलचं कव्हर."

महिना संपला. वैशालीनं, म्हणजे बायकोनं, वही उघडली. एका पानावर सुवाच्य अक्षरात मथळा होता, 'बाबांचं काहीच नाही'. खाली बेरीज, दोन हजार तीनशे चाळीस.

मला वाटलं, आता ऐकावं लागणार. वैशाली चिडली नाही. वही डोळ्यांपासून लांब धरून एवढंच म्हणाली, "दोन वर्षं झाली, माझ्या चष्म्याचा नंबर बदलायचाय."

त्याच आठवड्यात चष्मा झाला. नव्या चष्म्यातून तिनं पहिल्यांदा काय वाचलं असेल? माझंच पान.

*

आमचे आकडे घेऊन गौतमनं स्वतःच्या घराचा कागद केला. भाडं, किराणा, लाइट बिल, आईचं बीपी, बहिणीच्या अभ्यासिकेची फी, सगळं खरंखरं. बेरीज आली चोवीस हजार सहाशे. पगार बावीस.

"जाऊ नको," शकीलभाई म्हणाले. "कागद नेऊ नको," मी म्हणालो.

रविवारी तो एसटीनं पैठणला गेला, कागद घेऊनच. सोमवारी त्यानं जे सांगितलं ते असं.

मुलीचं नाव प्राजक्ता. तिथल्या एका मेडिकल दुकानात काम करते. घरच्यांनी दोघांना गच्चीवर बोलायला पाठवलं. यानं 'जयभीम' म्हणून सरळ कागदच पुढं केला. "माझा पगार बावीस आहे. घराला इतके लागतात. तुम्हाला आधी कळावं म्हणून आणलंय."

तिनं कागद घेतला. वरपासून खालपर्यंत वाचला. पुन्हा वरपासून वाचला. खाली चहाच्या कपांचा आवाज येत होता.

"ही बेरीज कुणी केली?"

"मीच."

"बरोबर आहे. पण यात मीठ राहिलं."

तिनं पर्समधून पेन काढलं. कठड्यावर कागद ठेवून सगळ्यात खाली लिहिलं, 'मीठ, २८ रुपये'. जुनी बेरीज खोडून नवी मांडली. मग कागदाची नीट घडी घातली आणि स्वतःच्या पर्समध्ये ठेवली.