दारूच्या डोंगरावर पप्पूनं मार खाल्ला त्याची गोष्ट

पप्पूचा हात कधी सुटेल याचा नेम नसे. मढ गावी त्याच्या घरी ही गोष्ट कुणी लपवतही नव्हतं, उलट कौतुकानं सांगत. त्याची आई प्रयागबाई आल्यागेल्याच्या हातात चहा देता देता म्हणायची, "आमच्या घराण्यातच ताप हाय. ह्याच्या बापाचं बी असंच व्हतं." बाप म्हणजे सोमाजी. त्यानं पप्पूला लहानपणी आसुडानं असं फोडलं होतं की पोराला कितीतरी दिवस पाठ टेकता येईना. मग पोरगं मोठं झालं, आणि एके दिवशी तोच आसूड हिसकून त्यानं बापालाच दोन ओढले. यावर गाव काय म्हणालं? "वाघाचा बछडा वाघच निघाला!" घ्या! असल्या वाघांचं कौतुक करणाऱ्यांना त्यांच्याच घरात चार दिवस नांदायला पाठवलं पाहिजे, म्हणजे कळेल.

पुढं पप्पू ड्रायव्हर झाला. नारायणगावच्या स्टँडवर जीपचा नंबर कुणाचा, एवढ्यावरून त्यानं एकाचा जबडा मोडला. चुलतभावाच्या हळदीत डीजेवाल्याच्या डोक्यात खुर्ची घातली. आणि दर वेळी मागून तेच. खाली मान, डोळ्यांत पाणी, समोरच्याचे पाय धरणं. "राग आला का मला कायच कळत न्हाई हो. डोळ्यापुढं अंधारी येती." ज्याला मारलं तोही शेवटी विरघळायचा. माणूस मनानं वाईट नाय, राग तेवढा वाईट, असं म्हणून लोक घरी जायचे. पप्पूचाही त्यावर पुरता विश्वास होता, हे मात्र खरं.

वारूळवाडीच्या भगवंतानं आपली लेक समृद्धी याच पप्पूला दिली. दोघं भोसरीत एका खोलीत राहायला गेले. पहिली थप्पड भाजीत मीठ कमी पडलं म्हणून. मग भिंतीवर डोकं आपटणं, केसाला धरून दारापर्यंत ओढत नेणं, आणि मागून पाय धरून रडणं. एकदा ती बहिणीशी फोनवर बोलत होती आणि दूध उतू गेलं. पप्पूनं सांडशी उचलली आणि तिच्या मनगटावर घातली. एकदा नव्हे, लागोपाठ तीनदा. हाड मोडल्याचा आवाज शेजारच्या बाईनंही ऐकला. समृद्धी ओरडली नाही. तिनं हात ओढणीनं गळ्यात बांधला, खाली उतरली आणि मिळाली त्या एसटीनं माहेरी आली.

मग रीतीप्रमाणं दोन्हीकडची चार माणसं वडजच्या खंडोबाला बसली. आपल्याकडं असल्या भांडणाचा निवाडा देवापुढं होतो, आणि देवापुढं बेल-भंडारा उचलून माणूस खोटं बोलत नाही, असं सगळे धरून चालतात. पप्पूनं ओंजळीत भंडारा घेतला आणि शपथ घेतली, की पुढल्या माघी पुनवेपर्यंत जगातल्या कुठल्याच माणसावर हात उगारणार नाय. शपथ पाळली तर भगवंतानं पोरगी नांदायला धाडायची. समृद्धी तिथंच खांबाला टेकून बसली होती, हात प्लास्टरमध्ये. तिला कुणी काही विचारलं नाही. सगळ्यांनी मिळून रागाला बांधायचं ठरवलं, जसं काही राग म्हणजे त्या नवराबायकोच्या खोलीत शिरलेला कुणी तिसराच माणूस होता!

आता पप्पूचंही सांगितलं पाहिजे. त्यानं शपथ पाळली. गाडीमालक बाळासाहेब आईबहिणीवरून बोलला, पप्पू गिळून बसला. चाकणच्या चौकात एका रिक्षावाल्यानं कॉलर धरली, पप्पूनं सोडवून घेतली आणि निघून गेला. खोलीवर एकटाच भात शिजवून खाताना त्याला समृद्धीची आठवण यायची. तिच्याशिवाय त्याचं काही खरं नव्हतं. पुनव तोंडावर आली तसा तो दाढी गुळगुळीत करायला लागला.

अशात बाळासाहेबानं बुकिंग दिलं. पुण्यातल्या कंपनीतली पाच पोरं, सकाळी जाऊन संध्याकाळी परत, वाइनरी बघायची. पप्पूनं जागेचं नाव ऐकलं आणि नवा शर्ट काढला. वारूळवाडीपासून गाडीनं थोडं वर गेलं की तो डोंगर. पूर्वी तिथं शेळ्यासुद्धा नाराजीनं चरायच्या. आता वर द्राक्षाचे मळे, वाइनचा कारखाना, हॉटेलं, दुकानं, फोटो काढायला झोपाळे, सगळं एक गावच वसलंय. पाटीवर परदेशी नाव आहे, पण आसपासची माणसं त्याला सरळ दारूचा डोंगर म्हणतात. हंगामात तिथं लाकडी हौदात द्राक्षं ओततात आणि शहरची माणसं पैसे देऊन ती पायानं तुडवतात. हौदात शिरण्याआधी त्यांचे पाय पाईपनं धुऊन द्यायचं काम माहेरी आल्यापासून समृद्धी करायची.

पोरांनी मोशीतच बियरचे डबे फोडले. पुढच्या सीटवर काळ्या चष्म्याचा एक होता, त्यानं बूट काढून पाय डॅशबोर्डवर ठेवले. मंचर येईस्तोवर त्यानं पप्पूला चार नावं ठेवली आणि पप्पू चारही वेळा "हो साहेब" म्हणाला. डोंगरावर पोचल्यावर पाचही जण आत पळाले. पप्पूनं गाडी सावलीत लावली. तिथून हौद दिसत होता. समृद्धीनं त्याला पाहिलं, जराशी थबकली आणि पुन्हा पाईप धरून कामाला लागली. तिचं मनगट वाकडंच जुळलेलं होतं. तिकडं त्याला बघवेना.

उन्हं कलली तशी ती पाच पोरं बाहेर आली. चष्मेवाल्याच्या पोटऱ्यांना अजून द्राक्षाच्या साली चिकटलेल्या. तो थेट पप्पूपाशी आला. "चावी दे. खाली मी चालवणार."

"नको साहेब. तुमी घेतलीय. उतार लई वाईट हाय."

"तुला विचारलं का? चावी दे!"

"न्हाई देणार."

पहिली चपराक कानावर बसली. लगेच ठोसा, ओठ फुटून दातावर रुतला. पप्पूनं चावी मुठीत आवळली आणि दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले. पोटात लाथ बसली तसा तो गुडघ्यावर आला. चष्मेवाल्यानं त्याचे केस धरले आणि तोंड गाडीच्या दारावर आपटलं. एकदा, परत एकदा. पांढऱ्या दारावर रक्ताचा ओघळ आला. "गावठी साल्या! मला शिकवतो?" पप्पू खाली पडला तर बरगडीत बुटाचं टोक. बाकीचे चौघं आधी हसत होते. मग रक्त बघून त्यांची टरकली आणि ते चष्मेवाल्याला मागं ओढायला लागले. तोवर वाइनरीचा रखवालदार भरत दांडकं घेऊन धावत आला होता. तोही वारूळवाडीचाच, शपथेचं त्याला ठाऊक होतं. काय माणसं असतात राव! नशेत घाट उतरू दिला नाही म्हणून जीव घ्यायला निघाली!

पप्पूनं तोंडातला दात थुंकला. चावी मुठीतच होती. भरत त्याला उठवून बसवत म्हणाला, "धन्य हाय तुझी, भाऊ! मी असतो तर त्याला तितंच गाडला असता. खंडोबानंच तुझा हात धरला बघ." भोवती जमलेले माळी, वेटर, सगळे माना हलवत होते. पप्पूला बरगडीची कळ कळत होती, तरी आत आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. कारण समृद्धीनं हे सगळं पाहिलं होतं. साक्ष आणखी कशाला पाहिजे?

ती बादली घेऊन आली. भरतला म्हणाली, "तुमी जरा लोकांना हटवा." मग तांब्यानं पाणी पप्पूच्या ओंजळीत ओतलं. त्यानं चूळ भरली, पाणी लालभडक आलं.

"बघितलंस ना?" तो म्हणाला. "एकदा बी हात उगारला न्हाई. आता तर येशील?"

"तो मारत व्हता तवा तुमाला काय दिसत व्हतं?" तिनं विचारलं.

पप्पूला वाटलं, कौतुकानं विचारतीय. तो खुलून सांगायला लागला. "सगळं दिसत व्हतं. त्याचा डावा जबडा मोकळा व्हता, एका ठोशात निजवला असता. पण म्हनलं, हाणलं तर नोकरी जाईल, पोलीस येतील, शपथ मोडंल, तू न्हाई यायची. तू तितं उभी व्हतीस ते बी दिसत व्हतं. म्हणून आवरलं."

समृद्धीनं तांब्या बादलीत ठेवला. ती रडत नव्हती. संताप मात्र तिच्या सगळ्या अंगात उभा राहिला होता, इतकी वर्षं दाबलेला.

"म्हंजे अंधारी येत न्हाई तुमाला," ती म्हणाली. "दुसऱ्याला मारलं तर काय व्हईल ते चांगलं कळतंय. मग माझा हात मोडला तवा बी सगळं दिसतच असणार. तीनदा सांडशी घातलीत. तिन्ही वेळेला दिसत व्हतं."

पप्पूनं तोंड उघडलं. रक्त हनुवटीवर उतरलं. "न्हाई गं, तसं न्हाई," असं तो म्हणणार होता, पण त्याला ते दूध आठवलं, तो ओटा आठवला, आणि सांडशी वर धरलेली असताना तिनं त्याच्याकडं वर पाहिलं होतं, तेही अगदी लख्ख आठवलं.

"पुनवेला आमच्याकडं येऊ नका," समृद्धी म्हणाली. "वडलांना मी सांगते." हौदापाशी पाय धुवायला माणसं ताटकळली होती. तिनं बादली उचलली आणि तिकडं गेली.