काकूंचा फोटो

पासपोर्ट फोटोचं पाकीट हातात आलं, की मला चौसाळ्यातलं इंटरनेटचं पहिलं दुकान आठवतं. आमच्या रक्तदाता मंडळाची वेबसाइट नवीकोरी होती, आणि गावोगावच्या प्रमुखांचे फोटो नि फोन नंबर त्या दुकानातून तिच्यावर टाकायला मी नुसता उतावीळ झालो होतो. पण आमच्या गावच्या प्रमुख काकूच अडून बसल्या. "नावासकट फोटो मेलेल्याचा छापतेत पेपरात. मी जिती हाय अजून!" "म्हणून तर टाकायचा, काकू! मेलेल्याला रक्त कोण मागतंय?" त्या खळखळून हसल्या आणि पदर सावरून फोटोवाल्यापुढं बसल्या. आठवड्यातच बीडच्या एका बाळंतिणीसाठी त्यांना फोन आला. दोन दाते पोचवून त्या थेट माझ्या दारात, "आरं, फोटो बघून फोन करतेत की लोक! जरा मोठा टाक!" आता त्या नंबरावर त्यांची सून बोलते, फोटो मात्र मी कुणाला बदलू दिलेला नाही.