हवाईला शिकायला कोण जातं?

मुलांचे किस्से घडतात आपल्या घरात, पण मोठे होतात दुसऱ्यांच्या घरी. टेक्सासमधल्या अर्विंगमध्ये आमचं चार मराठी घरांचं शनिवारचं पॉटलक असतं, प्रत्येक घरानं एकेक पदार्थ करून आणायचा. तिथे कुणाच्याही मुलानं काही केलं की बटाट्याची भाजी संपायच्या आत त्याचा किस्सा झालेला असतो. गेल्या वर्षभरात मात्र बाकीच्यांची मुलं पार मागे पडली, कारण आमची ईरा हवाईला शिकायला गेली.

त्यात मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. समोरचा "सगळं नीट चाललंय" म्हणाला की कुठे काय बिघडलंय ते शोधायचं, याचाच मला पगार मिळतो. आणि ईरा फोनवर रोज म्हणायची, "एव्हरीथिंग इज फाइन, मॉम." आता मी काय समजायचं?

*

बातमी पहिल्यांदा सांगितली तेव्हा माझी मैत्रीण वैशाली पोळी हातात धरून तशीच थांबली.

"हवाईला लोक हनिमूनला जातात गं. शिकायला कोण जातं?"

वैशालीचे सासरे देशपांडे काका पुण्याहून इथे राहायला आले होते. त्यांनी विचारलं, "विषय काय?"

"ज्वालामुखी," माझा नवरा मंदार म्हणाला.

"आणि नोकरी कुठे?"

"ज्वालामुखीवर."

निघताना काकांनी मंदारच्या पाठीवरून हात फिरवला. असा हात ते सहसा कुणाचं कुणी गेलं तरच फिरवतात.

इथे घराजवळ चांगली युनिव्हर्सिटी असताना आम्ही बाहेरच्या राज्यातले म्हणून जास्त फी भरून मुलीला समुद्रात पाठवत होतो. म्हणून ईराशी एक करार केला. एक वर्ष बघायचं. मला पटलं नाही तर टेक्सासला परत. ती लगेच "डील" म्हणाली. इतक्या लगेच म्हणाली, तिथेच माझी शंका सुरू झाली.

*

पहिल्याच आठवड्यात चोरी पकडली. ईरा व्हिडिओ कॉलवर म्हणाली की बाहेर पाऊस आहे, म्हणून दिवसभर रूमवर बसून वाचतेय. मी फोनवर हवाईचं हवामान काढलं. लख्ख ऊन! दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. शनिवारी मी पॉटलकमध्ये सगळ्यांना पुराव्यासकट दाखवलं की मुलगी बीचवर आहे आणि आईला पाऊस सांगतेय.

सगळ्यांसमोर तिला फोन लावला. ती शांतपणे म्हणाली, "मॉम, तू होनोलुलू बघतेयस. ते दुसरं आयलंड आहे. इथून फ्लाइटनं जातात."

मी अ‍ॅपमधलं गाव बदललं. तिथे आठवडाभर नुसते ढग आणि थेंब. संशय मात्र होता तिथेच ठेवला. एका बगमध्ये तथ्य नव्हतं म्हणून टेस्टिंग थांबवत नाहीत.

*

नोव्हेंबरात तिनं फोन उचलणं बंद केलं. माझ्या लंच ब्रेकमध्ये ती क्लासला चालत जात असायची, तेव्हा आमचं रोजचं बोलणं व्हायचं. अचानक ते थांबलं. वैशाली म्हणाली, "मुलगा असणार." मला तेच वाटलं होतं, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

खरं कारण मंदारच्या लक्षात आलं. "अगं, आपण हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे केली. हवाईत करत नाहीत. तू फोन करतेस तेव्हा ती क्लासमध्ये बसलेली असते."

"मग तिनं सांगायचं नाही का?"

तिनं सांगितलं होतं. मेसेज होता. मी तो वाचलाही होता आणि बहाणा म्हणून सोडून दिला होता.

*

मग अंकल बेन आले. "अंकल बेननी मला ड्रॉप केलं," ईरा म्हणाली. पुढच्या फोनमध्ये अंकल बेनबरोबर आंटी रोझ पण आल्या. आमचं तिथे कुणी नाही. शनिवारी पॉटलकमध्ये फोन स्पीकरवर होता, तेव्हा देशपांडे काकांनी चौकशी केली, "हे बेन मूळचे कुठले?"

ईरा हसायला लागली. तिथे म्हणे वयानं मोठं कुणीही दिसलं की अंकल, आंटी म्हणतात. घरात शिरताना चपला दाराबाहेर काढतात. जेवल्याशिवाय कुणाला सोडत नाहीत.

"म्हणजे सगळे आपल्या नातेवाइकांसारखेच," वैशाली म्हणाली.

नातेवाईक म्हटल्यावर तर माझी काळजी वाढली.

*

दुसऱ्या सेमिस्टरला ईरा त्या आंटी रोझच्याच घरी भाड्यानं राहायला गेली. मी मेतकूट, भाजणी आणि बेसनाचे लाडू पाठवले. काही दिवसांनी माझा लाडवांचा डबा पोस्टानं परत आला. आत पॅशनफ्रूटच्या जॅमची बाटली, नीट कागदात गुंडाळलेली. ईरा म्हणाली, "आंटी म्हणतात, डबा रिकामा परत करायचा नसतो."

हे माझ्या आईचं वाक्य. मी ईराला लहानपणापासून ऐकवलेलं. तेव्हा ती डोळे फिरवायची. आता तेच तिला त्या बाईच्या तोंडून गोड लागत होतं. खरं सांगते, मला मत्सर वाटला. जॅम चांगला होता, त्याचाही राग आला. अर्धी बाटली वैशालीनं संपवली आणि बोटं पुसत म्हणाली, "तुझी मुलगी गेली बघ हातातून."

त्या रविवारी मी तिकीट काढलं.

*

ईराला न सांगता गेले. वर्ष संपत आलं होतं, टेक्सासच्या युनिव्हर्सिटीतली सीट आम्ही अजून धरून ठेवली होती. परतीची तिकिटं दोन काढली होती. हे फक्त मंदारला माहीत होतं.

आंटी रोझच्या घराच्या व्हरांड्यात एक जाडजूड बाई बीन्स निवडत बसली होती. मी म्हटलं, "ईरा आहे का?"

"कोण विचारतंय?"

"मी तिची आई."

"आई येणार असं ती काही बोलली नाही."

"सरप्राइज आहे."

आंटी रोझनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी फोनवर आमचा दोघींचा फोटो दाखवला. "फोटो हल्ली कुणाकडेही असतात," त्या म्हणाल्या आणि परत बीन्सकडे वळल्या. "ती कशाला घाबरते, सांगा."

"पालीला," मी ताबडतोब म्हटलं. अर्विंगच्या घरात एकदा पाल निघाली तेव्हा ही कॉटवरून खाली उतरत नव्हती.

आंटींनी भिंतीकडे बोट केलं. दिव्याशेजारी एक हिरवीगार पाल होती. "ईरानं नाव ठेवलंय तिचं. मंदार."

मला पायरीच्या वर येऊ दिलं नाही. पावसाची भुरभुर सुरू झाली, तेव्हा त्यांनी आतून छत्री आणून दिली, पण खालीच. माझ्यापेक्षा संशयी बाई मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

शेवटी ईरा आली. गुडघ्यापर्यंत काळी धूळ, पाठीवर दगडांची सॅक, उन्हानं रापलेली. मला बघून फाटकातच थबकली.

"ही म्हणते, ही तुझी आई आहे," आंटी म्हणाल्या.

"शी इज."

"नक्की?"

"नक्की, आंटी." मग माझ्या बॅगेकडे बघत हळूच म्हणाली, "मॉम, मला न्यायला आलीस?"

मी विमानात सगळं भाषण तयार केलं होतं. त्याऐवजी मी बॅग पायामागे सरकवली. ईरा पायरीवर बसून बुटाची नाडी सोडायला लागली. आंटींनी मला चपला काढायला सांगितल्या, स्वतःची खुर्ची पुढे सरकवली आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"परत कधी?"

"रविवारी."

"दोघी?"

ईराचा हात नाडीवर तसाच थांबला.

"एकटीच," मी म्हटलं.